भूल घेण्यापूर्वी घरातली गोष्ट सांगा
(मंडळाच्या आरोग्य व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर बोला, असा निरोप मंडळाकडून आला तेव्हा कार्यकर्त्यांनी मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग असे विषय सुचवले होते. हे विषय महत्त्वाचे आहेतच आणि त्यांवर बोलणारी मंडळीही पुष्कळ आहेत. मी भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशन कोणी केले हे लोक वर्षानुवर्षे सांगतात, भूल कोणी दिली हे मात्र बहुधा कोणाला आठवत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. झोपलेल्या माणसाला आठवणार तरी कसे? पण त्यामुळे एक गोष्ट लोकांपर्यंत पोहोचायची राहून जाते. तीच आज सांगावी, असे मी ठरवले आहे.

काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या असा एक दोष चालत येतो, की एरवी माणूस धडधाकट असतो, शेतात राबतो, कारखान्यात पाळ्या करतो, पोरेबाळे वाढवतो. पण भुलेचे एखादे ठरावीक औषध शरीरात गेले की त्याचा जीव धोक्यात येतो. असा दोष अगदी थोड्या लोकांत असतो. परंतु तो असेल, तर त्याचा पहिला पत्ता लागतो तो घरातल्या माणसांच्या आठवणीतून. तपासणी त्यानंतर येते. हे मी पुस्तकात वाचले होते, पण मला कळले ते एका बाईमुळे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शिक्षण संपवून मी तालुक्याच्या एका दवाखान्यात नोकरीला लागले होते. एका रात्री बावीस-तेवीस वर्षांची बाळंतीण आली. पहिलटकरीण, बाळाचे ठोके मंदावलेले. सिझेरियन तातडीने करणे भाग होते. पाठीत इंजेक्शन देऊन भूल चढेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून पूर्ण भूल दिली. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि त्यासाठी स्नायू क्षणभर सैल करावे लागतात. त्याचे औषध म्हणजे सक्सिनिलकोलिन. आम्ही त्याला स्कोलिन म्हणतो. एका मिनिटाच्या आत त्याचा परिणाम होतो आणि साधारण पाच ते दहा मिनिटांत तो ओसरतो.

बाळ निघाले, रडले. टाके घालून झाले. पण बाईचा श्वास परत येईना. दहा मिनिटे गेली, वीस गेली, अर्धा तास गेला. नाडी चांगली, रक्तदाब चांगला, पण हात उचलत नाही, पापणी हलत नाही, छाती हलत नाही. त्या दवाखान्यात व्हेंटिलेटर नव्हता. हाताने दाबायची रबरी पिशवी होती. मी, एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय, आम्ही तिघांनी आळीपाळीने ती पिशवी दाबली. तिला झोप लागून राहावी म्हणून थोडे थोडे औषध देत राहिलो, कारण स्नायू लुळे असले तरी माणूस जागा असू शकतो आणि सारे ऐकत असतो. चार तास होत आले तेव्हा तिच्या बोटांची हालचाल दिसली. पहाटे तिने डोळे उघडले आणि बाळ मागितले.

मी बाहेर येऊन तिच्या आईला सगळे सांगितले. माउली शांतपणे म्हणाली, "हिच्या थोरल्या भावालाबी असंच झालं होतं, बाई. हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्यो काय परत उठला न्हाई."

मी म्हटले, "आई, हे आधी का नाही सांगितलंत?"

ती म्हणाली, "कुनी इचारलंच न्हाई."

बंधू-भगिनींनो, मी विचारले नव्हते, हे खरे होते. गडबड होती, बाळाचा जीव जात होता, कागदावर अंगठा घेतला होता. सगळे नियमाप्रमाणे होते. पण त्या चार तासांचे उत्तर दाराबाहेर बाकड्यावर बसून होते आणि मी त्याला प्रश्नच केला नव्हता. तो मुलगा नेमका कशाने गेला, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण आईला विचारले असते तर मी ते औषध नक्कीच वापरले नसते.

आता हे असे का होते, ते सांगते. आपल्या रक्तात एक एन्झाइम असते, त्याचे नाव कोलिनएस्टरेज. ते यकृतात तयार होते. स्कोलिन रक्तात शिरले की हे एन्झाइम त्यातले बहुतेक औषध तोडून टाकते. जे थोडे स्नायूंपर्यंत पोहोचते, ते आपले काम करते आणि काही मिनिटांत संपते. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच सदोष असते किंवा जवळजवळ नसतेच. मग औषध तोडायला कोणी नसते आणि पाच मिनिटांचे काम तासन्‌तास चालते. तेवढा वेळ श्वास देत राहिले तर माणूस पूर्ण बरा होतो, मेंदूला-हृदयाला कसलीही इजा होत नाही. श्वास दिला नाही, तर तो वाचत नाही. मधला मार्ग नाही.

हा दोष घराण्यात चालतो, हे १९५६ साली लेहमन आणि रायन या संशोधकांनी दाखवले. पुढच्याच वर्षी कॅनडातील टोरांटो येथे वेर्नर कालो यांनी त्यावर एक सोपी तपासणी काढली. डिब्युकेन नावाचे बधिर करणारे औषध रक्ताच्या नमुन्यात घालायचे आणि एन्झाइमचे काम किती थंडावते ते पाहायचे. निरोगी एन्झाइमचे काम सुमारे ८० टक्के थांबते, सदोष एन्झाइमचे फक्त २० टक्क्यांच्या आसपास. ज्याला आईकडून निरोगी आणि बापाकडून सदोष किंवा उलट, असे मिळाले असेल त्याचा आकडा ६० च्या जवळ येतो. याला डिब्युकेन अंक म्हणतात.

हा दोष उघड व्हायला तो आई आणि बाप या दोघांकडूनही यावा लागतो. दोघे स्वतः ठणठणीत असतात, त्यांना पत्ताही नसतो. पण दोघांकडे तो लपलेला असेल, तर प्रत्येक मुलाला चारात एक एवढा धोका असतो. म्हणूनच एका मुलाला असे झाले तर सर्वांत आधी त्याच्या सख्ख्या भावंडांची काळजी घ्यायची. आता हेही लक्षात घ्या की आईबाप आधीच नात्यातले असतील, तर एकच दोष दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. मी सांगितलेल्या त्या मुलीची आई आपल्या सख्ख्या आतेभावाला दिलेली होती. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे किती घरांत आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल, तर दक्षिण भारतातील वैश्य समाजाचे उदाहरण वैद्यकात प्रसिद्ध आहे. या समाजातील रुग्णांना स्कोलिन दिल्यावर श्वास लवकर येत नाही, असा अनुभव तिकडच्या भूलतज्ज्ञांना वारंवार येत असे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यामागचा जनुकातला नेमका बदल सापडला. अशा व्यक्तींत हे एन्झाइम जवळजवळ शून्य असते. जे एन्झाइमच नाही त्याचा डिब्युकेन अंक काय काढणार? तेथे एन्झाइमचे रक्तातील प्रमाणच मोजावे लागते. तपासणी कोणती करायची हेसुद्धा माणूस आणि घराणे पाहून ठरवावे लागते, ते असे.

हे सांगताना कोणत्याही समाजाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. दोष रक्ताच्या उच्चनीचतेचा नाही, तो आपापल्यातच लग्ने करीत राहण्याचा आहे. आपल्याच गटात लग्न लावणे हे जातीचे मर्म आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले. ते समाजाविषयी बोलत होते, आजाराविषयी नव्हे. पण पिढ्यान्‌पिढ्या दारे बंद ठेवली की घरातला लपलेला दोष घरातच फिरत राहतो, एवढे वैद्यकानेही पाहिले आहे. आणि आपणही अजून आपापल्यात, नात्यागोत्यातच सोयरिकी जुळवतो. तेव्हा हे दुसऱ्याचे म्हणून ऐकू नका.

आता दुसरा दोष. हा पहिल्यापेक्षा भयंकर आहे. त्याचे नाव मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे जीवघेणा ताप. त्याचा शोध कसा लागला, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहर. एकवीस वर्षांच्या एका तरुणाचा पाय मोडला, हाड बाहेर आले. रुग्णालयात आणले तेव्हा तो पायापेक्षा भुलेलाच जास्त घाबरला होता. माझ्या नात्यातले दहाजण इथरची भूल दिल्यावर गेले आहेत, असे तो सांगत होता. पुष्कळ ठिकाणी त्याला धीर देऊन, घाबरू नकोस म्हणून झोपवले असते. येथे डॉक्टरांनी ते मनावर घेतले. इथर टाळले आणि त्या काळी नवीन असलेले हॅलोथेन हे औषध दिले. दहाएक मिनिटांत त्याचे अंग तापू लागले, नाडी धावू लागली, रक्तदाब उतरला, रंग काळानिळा पडला. भूल देणाऱ्याचे लक्ष असल्यामुळे भूल ताबडतोब बंद झाली, त्याला बर्फात ठेवले आणि तो वाचला. मायकेल डेनबरो या डॉक्टरांनी नंतर त्याच्या घराण्याचा शोध घेतला. १९६० साली डेनबरो आणि लॉव्हेल यांचे एक छोटे पत्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगाला या रोगाची ओळख झाली.

पाहा, ते दहा मृत्यू त्याआधी दहा वेगवेगळे मृत्यू होते. कोणाचे नशीब, कोणाचे हृदय कमजोर, कोणाला भूल जास्त झाली, अशी समजूत असणार. त्यांची एक माळ ओवली ती एका तरुणाने. त्याच्याकडे कोणताही रिपोर्ट नव्हता. त्याच्याकडे घराची आठवण होती आणि ती सांगण्याचा आग्रह होता.

या रोगात घडते काय? आपला स्नायू आवळतो तो आतल्या कॅल्शियममुळे. पेशीत कॅल्शियम साठवलेले असते. पाटाचे दार उघडावे तसे एक दार उघडते, कॅल्शियम सुटते, स्नायू आवळतो. दार बंद होते, स्नायू सैल पडतो. ज्यांच्यात हा दोष आहे त्यांचे हे दार हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन यांसारख्या वाफेने दिल्या जाणाऱ्या भुलेने किंवा स्कोलिनने उघडते आणि मिटत नाही. मग अंगातले सारे स्नायू एकाच वेळी पेटल्यासारखे काम करतात. प्राणवायू संपतो, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, जबडा आणि अंग कडक होते, नाडी धावते, तापमान काही रुग्णांत दर पाच मिनिटांना एक अंशाने चढते. स्नायू फुटून त्यातले पोटॅशियम रक्तात येते, लघवी गडद तपकिरी होते, हृदय बंद पडते. ताप हे नाव असले तरी ताप पुष्कळदा उशिरा येतो. त्याआधी श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारे यंत्र इशारा देते. म्हणून ते यंत्र थिएटरमध्ये असणे ही चैन नव्हे.

सुरुवातीच्या वर्षांत या आजारात शंभरातले सत्तर-ऐंशी रुग्ण दगावत. औषध सापडले ते डुकरांमुळे. काही जातींची डुकरे कत्तलखान्याकडे नेताना धावपळीनेच तापून मरत, आणि हॅलोथेन दिल्यावरही मरत. दक्षिण आफ्रिकेत गेसफर्ड हॅरिसन यांनी अशा डुकरांना डॅन्ट्रोलीन हे औषध देऊन पाहिले आणि ती वाचली. हे १९७५ साली प्रसिद्ध झाले. १९७९ पासून अमेरिकेत ते इंजेक्शन माणसांसाठी मंजूर झाले. जेथे ते हाताशी असते आणि वेळेवर दिले जाते, तेथे मृत्यूचे प्रमाण शंभरात दहाच्या खाली आले आहे. मात्र सुरुवातीलाच वजनाच्या प्रत्येक किलोला अडीच मिलिग्रॅम द्यावे लागते. जुन्या पद्धतीच्या कुपीत २० मिलिग्रॅम असते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पहिल्याच खेपेस आठ कुप्या लागतात आणि प्रत्येक कुपी ६० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवावी लागते. आपल्याकडे कित्येक वर्षे हे औषध सहज मिळत नसे. तेव्हा मोठ्या ऑपरेशनआधी, विशेषतः घराण्यात शंका असेल तर, हे औषध येथे ठेवलेले आहे का, असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

हा दोष पहिल्यासारखा लपून बसत नाही. आईकडून किंवा बापाकडून, एका बाजूने आला तरी पुरतो. आईला किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला दोनात एक धोका. आणि फसवा इतका, की आधी दोन-तीन वेळा भूल व्यवस्थित उतरलेली असते आणि पुढच्या वेळी हा भडकतो. मागे माझे अपेंडिक्स काढले तेव्हा काही झाले नव्हते, हा त्याविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही.

मग निदान करायचे कसे? साध्या रक्ततपासणीत तो दिसत नाही. सर्वांत भरवशाची तपासणी स्नायूची आहे. मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा शस्त्रक्रियेने काढतात. अर्थात त्यासाठी सुरक्षित भूल देतात. त्या स्नायूचे बारीक धागे द्रावणात टांगून जिवंत ठेवतात. मग त्यावर एकदा हॅलोथेन आणि एकदा कॅफिन, म्हणजे चहा-कॉफीत असते तेच द्रव्य, यांचा प्रयोग करतात. निरोगी माणसाचा धागा थोड्या मात्रेला दाद देत नाही. दोष असलेल्याचा धागा आवळून वर ओढला जातो आणि तो किती ताकदीने ओढला हे यंत्र मोजते. या कामाचा पाया पुन्हा टोरांटोच्या कालो यांनीच १९७० साली घातला. इंग्लंडमध्ये लीड्स येथे अशा घराण्यांच्या तपासणीचे मोठे केंद्र उभे राहिले आणि १९८४ साली युरोपातील केंद्रांनी तपासणीची एकच पद्धत ठरवून घेतली. ही तपासणी तुकडा काढल्यापासून काही तासांतच व्हावी लागते, म्हणून रुग्णालाच केंद्रापर्यंत जावे लागते. अगदी लहान मुलांत ती करीत नाहीत. अशी केंद्रे जगातही मोजकीच आहेत.

दुसरा मार्ग जनुकाचा. १९९० साली या रोगाचा संबंध एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाशी आहे, हे समजले. त्या कॅल्शियमच्या दाराचाच तो जनुक. आता नुसत्या रक्ताच्या नमुन्यावरून त्यातले बदल शोधता येतात. ज्या घराण्यात बदल आधीच सापडला आहे, तेथे हे फार उपयोगी. ज्या नातेवाइकात तोच बदल निघाला त्याला स्नायूचा तुकडा काढावा लागत नाही, तो धोक्यात आहे असेच धरायचे. परंतु उलटे खरे नाही. जनुकाची तपासणी निर्दोष आली म्हणून माणूस सुरक्षित, असे म्हणता येत नाही, कारण सगळेच बदल अजून ओळखीचे नाहीत. "रिपोर्ट नॉर्मल आहे" हे शब्द ऐकून आपण निर्धास्त होतो, येथे तसे होऊ नये. सुरक्षित म्हणायला स्नायूचीच तपासणी लागते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, लीड्स कुठे आणि आमचा तालुका कुठे! प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही सोपे आहे. ज्याची तपासणी होऊ शकत नाही, त्याला दोष आहे असे समजून भूल द्यायची. याला जास्त खर्च नाही. पाठीतले इंजेक्शन चालते. जागा बधिर करणारी औषधे चालतात. पूर्ण भूल लागलीच तर प्रोपोफॉलसारखी शिरेतून द्यायची औषधे आहेत, स्नायू सैल करायला वेक्युरोनियम किंवा अ‍ॅट्राक्युरियम आहे. भुलेच्या यंत्रातली वाफेची औषधे काढून, नळ्या बदलून, ते प्राणवायूने धुऊन घ्यायचे. हे कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी करता येते. फक्त भूल देणाऱ्याला आदल्या दिवशी कळले पाहिजे.

आणि पहिल्या दोषाची, कोलिनएस्टरेजची तपासणी तर आपल्याजवळच आहे. पिकावर मारायच्या काही कीटकनाशकांची विषबाधा झाली की हेच एन्झाइम खाली जाते. म्हणून मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि खाजगी प्रयोगशाळांत ही तपासणी होते. २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा तिचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. एवढे मात्र ध्यानात ठेवा की गरोदरपणात, यकृताच्या आजारात, कुपोषणात आणि फवारणीच्या हंगामातही हा आकडा कमी येऊ शकतो. कमी आला म्हणजे आनुवंशिकच, असे नाही. शक्य तर काही महिन्यांनी पुन्हा करावी आणि भावंडांचीही करावी.

येथे मला माझी दुसरी चूक सांगितली पाहिजे. त्या बाळंतिणीला घरी पाठवताना मी एक चिठ्ठी लिहून दिली. स्कोलिन देऊ नये, का देऊ नये, सगळे व्यवस्थित लिहिले. पण लिहिले इंग्रजीत. त्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नव्हते. औषधाच्या जुन्या कागदांबरोबर तो कागद गेला. पाच-सहा वर्षांनी तिच्या धाकट्या बहिणीचे दुसऱ्या गावी ऑपरेशन झाले आणि तिचाही श्वास तीन तास परतला नाही. तेथे व्हेंटिलेटर होता, म्हणून ती वाचली. मला हे कळले तेव्हा वाटले, की निदान करून ते कपाटात ठेवणे आणि निदान न करणे यांत त्या बहिणीच्या दृष्टीने काय फरक होता? तेव्हापासून मी अशी चिठ्ठी मराठीतही लिहिते आणि जितकी भावंडे तितक्या प्रती देते.

आता तुम्ही काय करावयाचे, ते थोडक्यात सांगते.

एक. घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना विचारा. आई, आत्या, मामा, चुलते यांच्यापैकी कोणाला भूल दिल्यावर श्वास लवकर आला नाही, अंग कडक झाले, एकाएकी ताप चढला, लघवी काळपट झाली, किंवा कोणी टेबलावरच गेले, असे झाले होते का? आईकडचे आणि वडिलांकडचे, दोन्ही विचारा. सुनेच्या माहेरचेही विचारा. बाळंतपणात तिलाच भूल लागते आणि तिच्या माहेरची माहिती सासरी कोणाला नसते.

दोन. असे काही निघाले तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायचे आहे, असा आग्रह धरा. सर्जनला सांगितले म्हणजे सर्वांना कळले, असे समजू नका. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. अडाणी म्हणतील याची भीती बाळगू नका. मेलबर्नचा तो तरुण भ्याला नाही, म्हणून वाचला.

तीन. जुने कागद मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड आणि भूल दिल्याची नोंद यांची प्रत ठेवा. माणूस गेला असेल तरीही ठेवा. त्याला आता उपयोग नाही, पण त्याच्या भावंडांना आहे.

चार. एक चिठ्ठी मराठीत लिहून पाकिटात आणि रेशनकार्डाबरोबर ठेवा. मजकूर असा असावा: "मला, किंवा माझ्या अमुक नातेवाइकाला, अमुक साली अमुक ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर असा असा त्रास झाला. तपासणी होऊन खुलासा होईपर्यंत मला स्कोलिन आणि वाफेची भूल देऊ नये." याच्याखाली डॉक्टरांकडून औषधांची नावे इंग्रजीत लिहून घ्या. दोन्ही भाषा हव्यात, एक घरासाठी आणि एक दवाखान्यासाठी.

पाच. या भाषणामुळे कोणीही ऑपरेशन टाळू नये. हे दोष फार विरळ आहेत. भूल उतरायला उशीर होण्याची दुसरीही कारणे असतात. साखर उतरते, औषध जास्त होते, प्राणवायू कमी पडतो. म्हणून प्रत्येक घटनेला आनुवंशिक म्हणू नका. सांगायचे तुम्ही, ठरवायचे डॉक्टरांनी.

शेवटी एकच विनंती. घरातले कोणी ऑपरेशनच्या टेबलावर गेले की आपण ते बोलत नाही. दुःख असते, राग असतो, कधी दवाखान्याशी भांडण झालेले असते. मग नशिबात नव्हते, असे म्हणून आपण तो विषय मिटवतो आणि मुलांसमोर काढतही नाही. त्या माउलीनेही मुलाचे दुःख असेच पोटात ठेवले होते. ते तिने त्या रात्री पहिल्यांदा एका परक्या बाईजवळ बोलून दाखवले, आणि तेही उशिरा. तुमच्या घरात असे कोणी गेले असेल तर आज रात्री जेवताना त्याचे नाव काढा. तो कसा गेला ते मुलांना सांगा. रडू आले तरी सांगा. त्याच्या मागे राहिलेल्यांना त्याने दिलेली ती शेवटची मदत ठरेल.